रिक्षातून आलेला आत्याचा आवाज

मंगळवार, ७ ऑक्टोबर

तीस सप्टेंबरला मी लिहिलं आहे, 'आत्याने आवाज द्यायला आनंदाने होकार दिला.' ते बरोबर नाही. खोडत नाही, इथे नीट लिहिते.

मी फोनवर विचारलं होतं, "आत्या, तुझा आवाज माझ्या कामात वापरू का?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "वापर की. आवाजाला काय भाडं पडतंय व्हय." मग तिने मी जेवले का ते विचारलं. एवढंच झालं. कशासाठी, कुठे वाजणार, तिच्याऐवजी मशीन बोलणार, यातलं मी काही सांगितलं नाही. 'आनंदाने' तर मी पदरचं घातलं. चार वर्षं जाहिराती लिहिल्यावर साधं वाक्य हातून सुटत नाही, त्याला काहीतरी चिकटवावंसं वाटतं.

आणखी एक. 'कल्पना हनुमान सरांची' असंही लिहिलं आहे. कल्पना माझी होती. आमची एजन्सी म्हणजे बीडच्या बसस्टँडमागे दोन खोल्या. मालक हनुमान सर, एडिटिंग आणि आवाजाचं सगळं बघणारा सत्यम, आणि मजकूर लिहिणारी मी. फ्लेक्स, रील, रिक्षावरची घोषणा, जे येईल ते. गेवराईच्या रस्त्याला 'चिमणपंख इंटरनॅशनल प्ले स्कूल' नावाची शाळा निघते आहे, तिची रिक्षावरची जाहिरात करायची होती. आवाज बनवणाऱ्या ॲपमधले तयार आवाज ऐकून सर म्हणाले, "ही बाई पुण्यात फ्लॅट विकायलीय असं वाटतं. आपल्याला आपल्याकडली बाई पाहिजे." तेव्हा मी म्हणाले, "माझ्या आत्यासारखा." तिचा आवाज त्या भागात सगळ्यांना ओळखीचा आहे. ती गावात आशाताई आहे, सगळ्यांची वनमालाताई. लसीचा दिवस असला की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून तीच सांगते. सत्यमने माझ्या फोनमधले तिचे व्हॉट्सॲपवरचे बोल घेतले, ॲपला दिले, आणि चहा येईपर्यंत आत्या तयार झाली.

मजकूर मी लिहिला: 'माय-बहिणींनो, ऐका. रविवारी सकाळी लेकरं घेऊन या. चिमणपंख शाळेत मोफत तपासणी हाय. कुणाचं लेकरू राहायला नको.' शेवटचं वाक्य आत्याचंच आहे, ती दर वेळी तेच म्हणते. मला ते कानाला बरोबर वाटलं म्हणून घेतलं. तपासणी बुद्धीची आहे, पण 'बुद्धीची' हा शब्द सरांनी काढायला सांगितला. लांबण लागते म्हणाले.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्या. मोठ्या कंपन्यांची रीत ठरलेली असते. मुलगा परदेशातून अचानक येतो, आई दारात पणती घेऊन उभी असते, सगळे रडतात, आणि मग रंगाचा डबा दिसतो. मी पण रडते. डबा दिसला की ओशाळते.

आमच्याकडे कुणी रडवायला सांगत नाही. आमच्याकडे वाढदिवस असतात. मधोमध गॉगल घातलेला साहेब, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. कुणाचा चेहरा किती मोठा यावरून सकाळपासून फोन येतात. आज एकाला स्वतःच्या शेजारी वाघ हवा होता. मशीनने वाघ सुरेख काढला आणि साहेबांच्या हाताला सहा बोटं दिली. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, घड्याळ झकास आलंय. छापलं तसंच.

गेल्या महिन्यात सगळ्या पोरींनी मशीनकडून जुन्या सिनेमासारखे साडीतले फोटो करून घेतले, उडणारे केस, मागे संध्याकाळ. मीही घेतला होता. मशीनने मला गोरं केलं. मी सांगितलं नव्हतं. आज फोनमध्ये तो परत सापडला आणि पुसला. आईने पाहिला असता तर 'ही कोण गं' म्हणाली असती.

उद्यापासून आमच्या नेहमीच्या कचरूमामाची भोंग्याची रिक्षा चिमणपंखची जाहिरात घेऊन चकलांब्याकडच्या गावांना फिरणार. आत्याचं गावही वाटेवर आहे. तिला आधी सांगायला हवं. उद्या फोन करेन.

शुक्रवारी केला नाही. शनिवारीही नाही. (हे आज, रविवारी, वरच्या नोंदीखाली लिहिते आहे.)

रविवार, १२ ऑक्टोबर

शाळेत व्हिडिओ काढायला गेले. दारात बायांची रांग होती. मला बरं वाटलं, माझं लिहिलेलं वाचून इतकी माणसं कधी आली नव्हती. मग जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत डोसचं कार्ड होतं.

आत्याच्या गावातल्या वस्तीवरची बायनाबाई पुढेच उभी होती, कडेवर वर्षाची मुलगी. मला ओळखून म्हणाली, "ताई, सिस्टर कुठं बसल्यात?"

"कोणत्या सिस्टर?"

"सुईच्या."

मी म्हणाले, ही शाळा आहे.

"मग वनमालाताईनं कावून बोलावलं? रिक्षातून सांगितलं की. तपासणी हाय, कुणाचं लेकरू राहायला नको म्हणल्या."

मागची बाई म्हणाली, "माझं दोन महिन्याचं हाय. ह्याला काय आत्तापासून वकील करायलेत का?" सगळ्या हसल्या. कुणी चिडलं नाही. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शाळेच्या बाईंनी प्रत्येक लेकराला लाल आणि निळा पुठ्ठा दाखवला. ज्याने ज्याच्याकडे हात केला त्याला 'बुद्धिमान बालक' असं प्रमाणपत्र आणि एक फुगा. आयांचे मोबाईल नंबर लिहून घेतले. बायनाबाईच्या मुलीने पुठ्ठा तोंडात घातला, तिलाही प्रमाणपत्र मिळालं. बायनाबाईने ते नीट घडी करून डोसच्या कार्डाबरोबर पिशवीत ठेवलं आणि वस्तीची वाट धरली. वस्ती जवळ नाही.

मी हनुमान सरांना म्हणाले, "सर, त्यांना वाटलं लस आहे."

सर म्हणाले, "आल्या का नाही? कुणी ओढून आणलं? ह्याला रिस्पॉन्स म्हणतात, प्रियदर्शनी. लिही कुठं तरी." मग ते शाळेच्या मालकाला म्हणाले, "दिवाळीनंतर हाच आवाज परत सोडू."

सर वाईट नाहीत. मला काम येत नव्हतं तेव्हा त्यांनी ठेवून घेतलं. हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढे मी त्यांच्यावर अन्याय करेन.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळी आत्याचा फोन. ती विहारातून आली होती, आज वंदना तिनेच घेतली. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "प्रिया, आपण बोलून पाठवतो ते पुसायचं कसं गं?"

"कशाला? फोन भरला का?"

"व्हय. भरलाय."

मी सांगितलं, बोट दाबून धर, मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र येतं. ती म्हणाली, "त्यानं तुझ्याकडलं बी जातं का?"

"जुनं नाही जात. माझ्याकडचं मला पुसावं लागेल."

"मग पूस. आजच पूस. समदं."

मी तिला समजावलं की माझ्या फोनमधलं पुसून तिच्या फोनमधली जागा वाढत नाही. तिला काही ते पटेना. तीनदा म्हणाली, पूस. शेवटी हो म्हणाले, पण पुसलं नाही. त्यात ती मला उठवते, रागावते, कुणाच्या घरी बाळ झालं ते सांगते. लहानपणी आई-बाबा ऊसतोडीला जायचे तेव्हा मी तिच्याकडेच राहायचे. शाळेत नाव घातलंच नव्हतं. पोलिओच्या पोस्टरवर बोट ठेवून तिने मला अक्षरं शिकवली, 'दोन थेंब' हे मी वाचलेले पहिले शब्द. थेट तिसरीत बसले. असा आवाज जागा कमी आहे म्हणून कोण पुसतं.

हो म्हणाले आणि केलं नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे.

रिक्षाबद्दल तिने काही विचारलं नाही. ऐकली नसावी.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

काल गावात लसीचं सत्र होतं, खरं. गोवराचा डोस. शेजारच्या गावात दोन लेकरांच्या अंगावर पुरळ आलं आहे म्हणून खास लावलं होतं. आत्याने दोन दिवस भोंग्यावरून सांगितलं. सिस्टर डबा घेऊन दुपारपर्यंत बसल्या. गावच्या शाळेजवळ राहणाऱ्या दोघी-तिघी आल्या. वस्तीवरून कुणी आलं नाही.

आत्या फोनवर हसून सांगत होती. "मी दारात गेले तर म्हणत्यात, ह्या बारीला फुगा कोणत्या रंगाचा हाय. एकीनं इचारलं, शाळंनं किती दिले तुला."

 भाऊबीज झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला जातात. ती लेकरं मग उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडात, पालात. तिथे आत्या नाही आणि भोंगाही नाही.

मी सगळं सांगून टाकलं. "आत्या, तो आवाज तुझा नव्हता. मशीनने केला. तुझे बोल घेऊन मीच करवला."

 ती म्हणाली, "मशीन बिशीन काय न्हाई. मीच बोललते."

"आत्या, तू नाही बोललीस."

"तू मागं आलतीस तवा. तू न्हाई, दुसरंच कुणीतरी आलतं, मोबाईल धरलता. मी बोलले. मला ठाव हाय मी काय बोलले ते. आन् तुला कुणी इचारलं तर तुला काय ठाव न्हाई. तू शहरात असतीस."

 आत्या पन्नाशीची आहे. तिच्या आईचं शेवटी असंच झालं होतं म्हणे, न झालेल्या गोष्टी आठवायच्या. मी मोबाईलवर शोधलं, 'विस्मरणाची लक्षणे'. तेव्हापासून मला बदामाचं तेल आणि स्मरणशक्तीच्या गोळ्यांच्या जाहिराती येत आहेत. एकीत म्हातारीला नातवाचं नाव आठवतं आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी लिहिली असती तर टाळ्या काढल्या असत्या.

सोमवार, २० ऑक्टोबर

हनुमान सरांना सांगितलं की आत्याचा आवाज परत वापरू नये. गावात घोळ झाला आहे, लसीला कुणी येत नाही.

सर म्हणाले, "आत्याला त्रास झाला का?"

"तिला कळलंच नाहीये, सर."

"मग झालं की. तू असं कर, मला एक मेल टाक. आवाज वापरायला आत्याची परवानगी होती, ती तू घेतली होती, एवढंच. फाईलला असावं."

मी मेल लिहिला. त्यात घातलं की परवानगी घेताना मी सगळं सांगितलं नव्हतं. सरांनी ते वाक्य काढायला लावलं. "कोर्टात उभी हायस का? साधं लिही." मी काढलं, पण मग मेल खोटा झाला. म्हणून दुसरा मेल टाकला की पहिल्या मेलमध्ये एक गोष्ट राहिली.  नंतर सर सत्यमला म्हणाले, ह्या पोरीला सुट्टीची गरज आहे. ते काळजीने म्हणाले असावेत.

दिवाळीत तीन दिवस सुट्टी. गावी जाते.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, आत्याच्या घरी

आमच्यात दिवाळीचं फार नसतं, पण सुट्टी असते आणि आत्या करंज्या करते. आई-बाबा आता परळीला असतात, राखेच्या विटांच्या कारखान्यात, त्यांना सुट्टी नाही. म्हणून दोघीच.

दुपारी अंजली मॅडम आल्या. त्या आशाताईंच्या कामावर देखरेख करतात. सणाच्या दिवशी आल्या म्हणजे काम मोठं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "वनमालाताई, तुमच्याविरुद्ध अर्ज आलाय. खाजगी शाळेची जाहिरात केली, लसीचं नाव सांगून बाया गोळा केल्या, पैसे घेतले. पैसे घेतले का?"

"न्हाई."

"मग आवाज कुणाचा?"

"माझाच हाय. कुणी बी सांगंल."

मी म्हणाले, "मॅडम, तो आवाज मशीनने..."

"करंजी घ्या, मॅडम," आत्या मध्येच म्हणाली. "ही फ्लेक्सवाली हाय, हिला जिथं तिथं मशीन दिसतं. सकाळी कुकरची शिट्टी झाली तर म्हणली, मशीन वाजलं."

मी असं काही म्हणाले नव्हते. मॅडम हसल्या, मीही हसले, का ते कळलं नाही. मग त्या गंभीर झाल्या. "ताई, मी तुम्हाला अठरा वर्षं ओळखते. पण पुढच्या आठवड्यात बैठक आहे. तुम्हीच बोललात असं म्हणालात तर मला काही करता येणार नाही. तुमच्या जागी दुसरी बाई घेतील. लेखी उत्तर द्या. काय ते नीट आठवून लिहा."

"आठवायचं काय त्यात. माझा आवाज हाय तर माझाच की."

जाताना मॅडम म्हणाल्या, "सोमवारी शेवटचं सत्र लावते, दहा वाजता. मंगळवारी टोळ्या निघतात. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

मी भांडी घासताना विचारलं, "आत्या, तुला खरंच आठवतं का तू बोललीस ते?"

"तुझी नोकरी कशी चाललीय?"

"बरी आहे."

"सर तरास देत न्हाईत ना?"

"नाही."

"मग बास. ती परात दे इकडं."

विषय एकदम बदलणे. हेही लक्षणांत होतं. पण मग संध्याकाळी तिने वस्तीवरच्या कोणत्या लेकराचा कोणता डोस राहिलाय ते कार्ड न बघता मला सांगितलं, कुणाचा बाप कोणत्या कारखान्याला जाणार तेही. म्हणजे एवढीच एक गोष्ट तिला चुकीची आठवते. असं असतं का, कुणाला तरी विचारायला हवं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सकाळी वस्तीवर गेले. बायनाबाई पत्र्याच्या पेटीत भांडी भरत होती. पोरगी आत पाचटाच्या कोपीत झोपलेली. मी सांगितलं, सोमवारी सुई आहे, मुलीला घेऊन या.

"आता शाळा बिळा नको ताई. आमी चाललो मंगळवारी."

"ही खरी सुई आहे."

"तवा बी खरीच हुती की," ती म्हणाली. रागाने नाही, पेटीचं कुलूप लागत नव्हतं तिकडेच तिचं लक्ष होतं.

मी म्हणाले, तेव्हा वनमालाआत्या बोलली नव्हती, तिच्या आवाजाची नक्कल होती.

"ताई, मी आवाज ऐकला ना. माझ्या बाळंतपणाला रातभर त्याच माझ्या उशाशी हुत्या. मला आवाज कळत न्हाई व्हय?"

 मला वाटलं होतं, नक्कल म्हटलं की सुटेल. सुटत नाही. आवाज खोटा मानला तर तिला स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवावा लागतो. खरा मानला तर आत्याने फसवलं. तिने दुसरं धरलं, कारण ते सोपं आहे आणि रोज घडतं. तिसरं कुणीतरी मध्ये होतं हे तिला दिसायला त्या तिसऱ्याने समोर यायला पाहिजे.

मी समोर होते. पण एका कोपीसमोर, हळू आवाजात, आणि 'नक्कल होती' असं म्हणत, जणू ती आपोआप झाली.

शनिवार, २५ ऑक्टोबर, बीड

ऑफिस. सोमवारी चिमणपंखची दुसरी जाहिरात करायची आहे, आत्याच्याच आवाजात, 'प्रवेश सुरू'. मी सरांना सांगितलं, मी मजकूर लिहिणार नाही आणि सोमवारी येणार नाही. सर चिडले नाहीत. म्हणाले, "सुट्टी घे. फक्त जायच्या आधी लिहून दे, की आवाज आणणं ही तुझी जबाबदारी होती, एजन्सीला माहीत नव्हतं."

पहिला भाग खरा आहे. दुसरा नाही. मी पहिला लिहून दिला आणि दुसऱ्यापुढे लिहिलं, 'एजन्सीला माहीत होतं, पण कल्पना माझी.' सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि खिशात घातला. सोमवारनंतर ये असं म्हणाले नाहीत. विसरले असतील.

खाली चहाच्या टपरीवर सत्यम म्हणाला, "तू येडी हायस का? कागद कावून दिला?"

"खरं होतं ते."

"खरं हाय म्हणून कुणी सही करतं का बे." मग त्याने जीभ चावली, कारण मला बे म्हणत नाही. म्हणाला, "तुझ्या आत्याचा आवाज मी ॲपमधून उडवला. सरांना सांगितलं, कंपनीनंच बंद केलं. आता कायबी करा, येत न्हाई."

मी म्हणाले, पण कंपनीने बंद केलं नाही. त्याने कपाळाला हात लावला आणि माझ्या चहाचेही पैसे दिले.

आवाज गेला हे चांगलं झालं. पण बायनाबाईच्या कानात आहे तो तसाच आहे.

कचरूमामाला भेटले. मी म्हणाले, सोमवारी रिक्षा पाहिजे, चकलांब्याच्या बाजूची तीच गावं, वस्ती धरून.

"पेनड्राईव्ह दे."

"पेनड्राईव्ह नाही. मी बसणार आहे."

"तू बोलणार?" मामाने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आवाज तरी निघंल का तुझा? ऑफिसात फोनवर बोलतीस तर पलीकडचा हॅलो हॅलो करतो."

"निघेल."

"मग बसून न्हाई, उभी राहून बोल. बायांना तोंड दिसलं पाहिजे. नुसता भोंगा आसला की त्यांला वाटतं, आलं काहीतरी विकायला."

हे मला सुचलं नव्हतं.

दुपारभर मजकूर लिहीत होते. चार वर्षांत मी इतकं वाईट कधी लिहिलं नव्हतं. 'शेवटची संधी' लिहिलं. ही खरोखर शेवटची संधी आहे, पण मी ते साड्यांच्या सेलला इतक्या वेळा लिहिलं आहे की आता खऱ्याला द्यायला तो शब्द उरला नाही. 'फक्त एक दिवस', तेही फर्निचरला दिलं. 'तुमच्या चिमुकल्यांसाठी' हे चिमणपंखचंच. 'जाहीर माफी' लिहिलं तर कुठल्याशा पुढाऱ्याचा फ्लेक्स वाटायला लागला. सगळं काढून टाकल्यावर एवढं राहिलं:

'मी प्रियदर्शनी. वनमालाताईंची भाची. बीडला जाहिराती लिहिते. मागे रिक्षातून शाळेचं जे सांगितलं ते वनमालाताई बोलल्या नव्हत्या. त्यांचा आवाज मी त्यांना न सांगता मशीनमध्ये घातला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. तुम्ही पायी गेलात, ते माझ्यामुळे. रागावायचं तर माझ्यावर रागवा, मी इथे उभी आहे. आज दहा वाजता गावच्या शाळेच्या व्हरांड्यात गोवराची सुई आहे. सिस्टर येणार आहेत. फुगा नाही. उद्या टोळ्या निघतील, त्याआधी लेकराला सुई द्या.'

'बोलल्या नव्हत्या' वर अडकले. आत्या तर म्हणते बोलले. तिच्या तोंडावर तिला खोटं पाडणं होईल का? पण तिला चुकीचं आठवतं आहे म्हणून मी चुकीचं सांगितलं तर उद्या तिची जागा जाईल, आणि तिला वाटेल की आपल्याच हातून झालं. तिला असं आयुष्यभर वाटू देणं मला जमणार नाही. हाच मजकूर सही करून अंजली मॅडमनाही द्यायचा, आत्याच्या उत्तराच्या आधी.

आत्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती कचरूमामाला वाटेतच थांबवेल. आत्ताच तिचा फोन येऊन गेला. म्हणाली, उत्तर लिहायला घेतलंय, 'बोललते' असं लिहू का 'बोलले होते'. मी म्हणाले, आत्या, सोमवारपर्यंत थांब, मी सांगते.

"सोमवारी काय हाय?"

"सत्र आहे ना."

"ते माझ्या ध्यानात हाय," ती म्हणाली. "तू आपली नोकरी कर."

कचरूमामाला परत विचारून घेतलं, विसरणार नाही ना. तो म्हणाला, दिवस सांग नीट, वार-तारीख. सांगितलं. सोमवार, सत्तावीस ऑक्टोबर. सकाळी सात वाजता, बायनाबाईच्या वस्तीपासून.